पिवळा वेल गुलाब उंच गेला पण फुलं फक्त शेंड्याला, काय करायचं?

गुडघ्यापर्यंत छाटू नका, एवढं आधी सांगतो, बाकीचं मग सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय की भिंतीलगतचा पिवळा क्लायंबर, म्हणजे वेल गुलाब, आता तीन वर्षांचा झाला, नऊ-दहा फूट सरळ वर गेलाय, खाली नुसत्या काठ्या दिसतात आणि जी काही फुलं येतात ती सगळी वर शेंड्याला, तीही पहिल्या दिवशी पिवळीधमक आणि तिसऱ्या दिवशी पांढरट. पानांवर काळे डाग पडतात आणि पानं गळतात. आणि कुणीतरी सांगितलंय की झुडपाच्या गुलाबासारखा खालून छाटून टाका, वरून भरपूर खत द्या, म्हणजे जोरात फुटेल. जोरात फुटेल हे खरंय, पण परत सरळ वरच जाईल आणि एक अख्खं वर्ष हातचं जाईल. तुमच्या झाडाला हवंय ते म्हणजे आडवं बांधणं. कात्रीचं काम त्याच्यानंतर आणि तेही थोडंसंच.

कारण असं आहे. गुलाबाच्या काडीवर प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, म्हणजे दहा फुटांच्या एका काडीवर कितीतरी डोळे आहेत आणि त्यातल्या प्रत्येकातून फुलाची फांदी निघू शकते. पण काडी उभी असली की शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही, सगळा जोर वरच्या दोन-चार डोळ्यांना मिळतो, तेच फुटतात, तेच फुलतात, पुढच्या बहराला त्यांच्याही वरचे फुटतात. म्हणून फुलं दरवर्षी अजून वर सरकतात आणि खालचा भाग उघडा पडत जातो. काडी आडवी केली की शेंडा आणि मधले डोळे जवळपास एका पातळीवर येतात, शेंड्याची ती हुकमत कमी होते आणि काडीच्या वरच्या अंगाचे बहुतेक डोळे एकदम जागे होतात. मग वीत-दोन वीत लांबीच्या फांद्या निघतात, एकीशेजारी एक, आणि प्रत्येकीच्या टोकाला फूल किंवा फुलांचा घोस. भिंतभर फुललेले जे क्लायंबर आपण बघतो त्यांच्यामागे खताचं किंवा औषधाचं काही गुपित नसतं, कुणीतरी बसून त्या काड्या वाकवून बांधलेल्या असतात.

आणि हे काम माणसानेच करायचं असतं, कारण आधार धरायला वेलींना जे तणावे असतात ते गुलाबाला नसतात, तो स्वतः वेटोळंही घालत नाही. काट्यांनी अडकत अडकत तो वर जातो एवढंच.

आता बांधायचं कसं, हे जरा नीट सांगतो कारण काड्या मोडतात त्या इथेच.

वेळ म्हणजे झाड विश्रांतीत असताना, नवीन फुटवा सुरू व्हायच्या थोडं आधी. जिथे थंडी पडते तिथे थंडीच्या शेवटी, जिथे थंडी नावालाच असते तिथे एक मोठा बहर संपल्यावर. जाड लेदरचे कोपरापर्यंतचे हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचं जाड कापड घाला आणि डोळ्यांना चष्मा, हे सांगायला किरकोळ वाटतं पण ताणलेली काडी हातातून सुटली की थेट तोंडावर येते. मग आधीची सगळी बांधणी सोडा. हो, सगळी. सगळ्या काड्या मोकळ्या होऊन समोर पसरल्या की पहिल्यांदा कळतं की नक्की काय काय आहे. वाळलेलं, तपकिरी पडलेलं, मोडकं आणि काडीपेटीतल्या काडीएवढं बारीक जे आहे ते कापून टाका. उरलेल्यातल्या चार ते सहा चांगल्या काड्या निवडा. सगळ्यात मोलाच्या काड्या कुठल्या, तर मागच्या वर्षात बुडातून किंवा बुडाजवळून निघालेल्या, बोटाएवढ्या जाड, सालीवर अजून हिरवा किंवा लालसर रंग असलेल्या. त्या वाकतात आणि त्यांच्यावर फुलंही भरपूर येतात.

वाकवताना ऊन चढल्यावर वाकवा, गारठ्यातली काडी कडक असते. एक हात बुडापासून हातभर अंतरावर ठेवायचा आणि दुसऱ्याने पुढचा भाग हळूहळू खाली आणायचा, म्हणजे सगळा ताण एका जागी न येता पूर्ण काडीवर वाटला जातो आणि एक मोठी कमान तयार होते. एका ठिकाणी कोपरासारखी घडी पडली तर ती काडी तिथे चिरणार. बारीक तडतड आवाज आला की थांबा, आहे त्या जागी सैल बांधा आणि आठवड्याने अजून थोडी खाली ओढा. दोन-तीन आठवड्यांत एखादी काडी हप्त्याहप्त्याने आडवी आणणं ह्यात काही कमीपणा नाही, मी जाड काड्या अशाच आणतो. ह्याच वर्षी बुडातून निघालेला एखादा कोवळा, रसरशीत, जाड फुटवा असेल तर त्याच्या बुडाला मात्र जोर लावू नका. तो अजून मुळाशी घट्ट बसलेला नसतो, ओढला की अख्खा टाचेसकट निघून येतो आणि मग पुढची दोन-तीन वर्षं ज्याच्यावर फुलं येणार होती तेच गेलं. त्याला एखादी काठी रोवून नुसता आधार द्या, थोडा पिकू द्या, मग पुढच्या बांधणीत घ्या.

सगळ्यात खालची काडी जमिनीपासून साधारण दीड फुटावर जवळजवळ आडवी, तिच्या वरची तीस-चाळीस अंशांच्या कोनात, दुसऱ्या बाजूलाही तसंच, म्हणजे एकूण आकार उघडलेल्या पंख्यासारखा. दोन काड्यांमध्ये वीत-दीड वीत मोकळी जागा राहू दे, त्याच जागेत फुलांच्या फांद्या वर येणार आहेत. शेंडा बुडाच्या पातळीखाली लोंबू देऊ नका. लोंबला तर कमानीच्या सगळ्यात उंच बिंदूवरून एक दांडगा उभा फुटवा निघतो, तोच सगळं खातो आणि शेंड्याकडचा भाग रिकामा राहतो. बांधायला सुतळी, जुन्या सुती कपड्याच्या पट्ट्या, जुने पायमोजे कापून केलेल्या पट्ट्या, काहीही मऊ चालेल. गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घ्या, एक फेरा आधाराच्या तारेभोवती, एक काडीभोवती, मध्ये पीळ, काडीचा फेरा बोट जाईल एवढा सैल. तारेने काडी बांधू नका, काडी जाड होते तशी तार सालीत रुतते आणि तिथून पुढचा भाग वाळतो.

तुमच्याकडे अंगठ्याहून जाड, राखाडी सालीच्या दोन काड्या आहेत असं वर्णनावरून वाटतंय. त्या आता वाकणार नाहीत, हट्ट करू नका. त्यातली एकच, सगळ्यात जुनी असेल ती, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर एखाद्या जिवंत डोळ्याच्या वर कापा. बुडातून नवीन फुटवे निघायला तेवढं पुरतं. दुसरी आहे तशी राहू द्या, नवीन काड्या तयार झाल्या की पुढच्या वर्षी तिचा नंबर. अशी दरवर्षी एखादी जुनी काढत आणि एखादी नवीन घेत गेलं की झाड म्हातारं होतच नाही.

आधाराबद्दल थोडक्यात. भिंतीला आयहूक (गोल कडीचे हूक) ठोकून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, तार आडवी ताणा, पहिली जमिनीपासून दीड फुटावर आणि मग दर फूट-सव्वा फुटाला एक. तार भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे राहायला हवी, मागे हवा खेळली नाही तर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आलीच म्हणून समजा. जाळी किंवा ट्रेलिस लावलं असेल तर काड्या त्याच्या भोकांमधून आत-बाहेर विणू नका, कितीही मोह झाला तरी. काडी पुढच्या बाजूनेच बांधायची. विणलेली काडी जाड झाली की निघत नाही, कापावी लागते आणि कधी कधी ट्रेलिसच मोडतं. जागा अरुंद असेल, नुसता खांब किंवा कमान असेल तर काड्या तिच्याभोवती तिरक्या गुंडाळत न्या, सरळ वर नेऊ नका. तिरकेपणामुळे तोच परिणाम मिळतो, आडवं बांधण्याइतका नाही पण पुष्कळ.

आता पिवळ्या रंगाकडे येऊ, कारण तुमच्या तक्रारीतल्या दोन गोष्टी, काळे डाग आणि फिका पडणारा रंग, ह्या थेट पिवळेपणाशी जोडलेल्या आहेत.

युरोपातल्या बागांमध्ये पुन्हा पुन्हा फुलणारे पिवळे गुलाब आधी होते ते टी आणि नॉइसेट ह्या जुन्या गटांतले, आणि त्यांचा रंग मऊ, लोण्याच्या जवळचा. भडक, सोन्यासारखा पिवळा आला तो इराणकडच्या पर्शियन यलो ह्या गुलाबातून, जो १८३० च्या दशकात इंग्लंडला पोहोचला. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ पर्ने-दुशे ह्यांनी बरीच वर्षं खपून त्याचा बागेतल्या गुलाबांशी संकर केला आणि १९०० मध्ये सोलेय दोर ही जात बाहेर आणली. आज आपण जे खरे पिवळे, केशरी, जर्दाळू रंगाचे गुलाब लावतो त्यातल्या बहुतेकांच्या वंशावळीत ती कुठे ना कुठे आहे. पण पर्शियन यलोची पानं काळ्या ठिपक्यांना फार लवकर बळी पडतात, आणि रंगाबरोबर तो दुबळेपणाही पुढच्या पिढ्यांत उतरला. त्या घराण्यातल्या जुन्या जातींना अजून एक खोड होती, कडक छाटणी सोसत नाही, कापलेल्या जागेपासून काडी खाली वाळत जाते. तुमच्या झाडाला गुडघ्यापर्यंत कापू नका म्हणून मी एवढं का सांगतोय त्याचं हे दुसरं कारण. नंतरच्या जातींमध्ये ह्यात खूप सुधारणा झाली, तरी पिवळ्यांना मी आजही हात राखूनच छाटतो.

रंग फिका पडणं हा रोग नाही. गुलाबाचा पिवळा रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे असतो आणि ती कडक उन्हात आणि उष्णतेत मोडतात. एक फूल रोज बघून ठेवा. कळी असताना सगळ्यात गडद, पहिल्या सकाळी बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा जरा हलक्या, दुसऱ्या दिवशी कडांचा फिकेपणा आत सरकलेला आणि गाभा अजून पिवळा, तिसऱ्या दिवशी सगळंच सायीच्या रंगाचं. ढगाळ आणि गार हवेत हेच चक्र हळू चालतं म्हणून त्या दिवसांतली फुलं जास्त पिवळी वाटतात. खताने ह्यात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो जागेने. सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि दुपारनंतर सावली मिळाली तर रंगही टिकतो आणि फुलंही दोन दिवस जास्त राहतात, म्हणून पूर्वेकडे तोंड असलेली भिंत पिवळ्या क्लायंबरला सगळ्यात चांगली. दुपारच्या उन्हाने तापणारी पश्चिमेची भिंत सगळ्यात वाईट, तिथे भिंतच रात्रीपर्यंत गरम राहते. तुमची भिंत कुठली ते लिहिलेलं नाही, पश्चिमेची असेल तर दुपारच्या वेळी सावली पडेल असं काहीतरी करता येतंय का बघा, झाड हलवायच्या भानगडीत मात्र पडू नका.

दुसरा फरक जातीने पडतो. तुमची जात कुठली हे माहीत नाही म्हणताय, तर काही खुणा सांगतो, कारण जातीवर छाटणीसुद्धा अवलंबून आहे.

फुलं लहान, रुपयाच्या नाण्याएवढी, फिक्या पिवळ्या रंगाची, घोसाने आणि वर्षातून एकदाच येत असतील, आणि काड्यांना काटे जवळजवळ नसतील तर तो बँक्सिया आहे, पिवळा बँक्सिया चीनमधून १८२४ मध्ये युरोपात नेला गेला. ह्याचं सगळंच वेगळं. तो जुन्या लाकडावर फुलतो, त्यामुळे बहराच्या आधी छाटला की त्या वर्षीची फुलंच कापली गेली. छाटायचा असेल तर बहर संपल्यावर लगेच, आणि जागा भरपूर पाहिजे, वीस फूट तो सहज जातो. लोक म्हणतात आमचा पिवळा क्लायंबर फुलतच नाही, आणि बघावं तर बँक्सिया असतो आणि दरवर्षी न चुकता चुकीच्या वेळी कापलेला असतो.

फूल मोठं, पाकळ्या जरा सैल, पहिल्या दिवशी चकचकीत पिवळं आणि लवकर फिकं होणारं, काटे कमी, तर गोल्डन शॉवर्स असायची शक्यता बरीच आहे. अमेरिकेत १९५७ मध्ये ऑल-अमेरिका रोज सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळालेली ही जात आजही घरच्या बागेसाठी मी पहिली सुचवतो, आठ-दहा फुटांत मावते, थोडी सावली सोसते, वर्षभरात बरेच बहर देते. रंग फिका पडतो हे तिच्याबाबतीत मान्य करूनच चालायचं. तुमच्या वर्णनाला ती बरीच जुळते.

फूल वाटीसारखं, पाकळ्यांनी गच्च भरलेलं, गडद मधाळ पिवळं आणि सुवास चांगला असेल तर ग्रॅहम थॉमस, डेव्हिड ऑस्टिन ह्यांनी १९८३ मध्ये आणलेली. मुळात झुडूप म्हणून विकतात पण उबदार हवेत काड्या आठ-दहा फूट जातात आणि आडव्या बांधल्या तर उत्तम क्लायंबर होतो. पाच पाकळ्यांचं एकेरी, फिकं पिवळं मोठं फूल आणि मधे अंबर रंगाचे पुंकेसर असतील तर मरमेड, १९१८ ची. पानं निरोगी, पण काटे आकड्यासारखे वाकडे आणि फार वाईट, जाण्या-येण्याच्या वाटेवर लावू नये, आणि छाटणी तर तिला अजिबात आवडत नाही. मारेशाल नील १८६४ ची, सुगंध जबरदस्त, थंडी सोसत नाही. तिच्या फुलांची मान कमजोर असते, फुलं खाली झुकतात, झुडपावर हा दोष वाटला असता पण वेलीवर आपण खालूनच बघतो त्यामुळे फूल बरोबर आपल्याकडे तोंड करून असतं. मला ती फार आवडते, पण पहिलाच क्लायंबर म्हणून कुणाला सांगणार नाही.

नावात क्लायंबिंग असलेल्या, म्हणजे झुडपाच्या जातीला अचानक लांब काडी फुटून तयार झालेल्या जाती, उदाहरणार्थ क्लायंबिंग पीस, ह्यांना पहिली दोन वर्षं कात्री लावूच नये, वाळलेलं काढण्यापुरती सोडून. सुरुवातीला कडक छाटणी झाली तर त्या परत झुडूप होऊन बसू शकतात.

छाटणी म्हणजे मग नेमकं काय, तर बांधून झालेल्या मुख्य काड्या तशाच ठेवायच्या, शेंड्याचा कोवळा, पेन्सिलीपेक्षा बारीक भाग फक्त काढायचा. त्या काड्यांवर मागच्या वर्षी ज्या आखूड फांद्या फुलून गेल्या त्या दोन-तीन डोळे ठेवून कापायच्या, म्हणजे चार-पाच इंचांच्या खुंट्या राहतात. फुलं पुढच्या वेळी त्याच खुंट्यांमधून येतात. हे सगळं बारमाही फुलणाऱ्या जातींसाठी, बँक्सियासारख्यांचं वर सांगितलंच. कात्री धारदार ठेवा आणि रोगट काडी कापल्यावर पाती स्पिरिटने पुसून मगच पुढच्या काडीला लावा. अंगठ्याएवढी जाड काडी कापली असेल तर कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावलेली बरी.

काळे ठिपके. पानाच्या वरच्या बाजूला काळे, कडा झालरीसारख्या विस्कटलेल्या, भोवती पान पिवळं होत जातं आणि गळतं, तर तो हाच बुरशीचा रोग. बीजाणूंना रुजायला पान सलग सात-एक तास ओलं राहावं लागतं, सगळी मेख इथेच आहे. संध्याकाळी पाइपने झाडावरून पाणी मारलं तर पान रात्रभर ओलं राहतं आणि तुम्ही रोगाला आमंत्रण देता. पाणी सकाळी, बुडाशी, आळ्यात. पाऊस काही आपल्या हातात नाही, पण काड्यांमध्ये हवा खेळती ठेवणं हातात आहे आणि आडव्या, सुट्या बांधणीचा इथेही फायदा होतो, पानं लवकर सुकतात. खाली गळलेली पानं रोज नाही तर दोन दिवसांनी गोळा करा आणि कंपोस्टमध्ये न टाकता बाहेर टाका, पावसाचे किंवा पाण्याचे थेंब त्यांच्यावर पडून बुरशी परत वर उडते. जमिनीलगतच्या फूटभरातली पानं काढून टाकली आणि आळ्यात दोन-तीन इंच सुक्या पानांचं किंवा भुशाचं आच्छादन केलं तर निम्मं काम झालं. त्यावरही वाढत असेल तर गुलाबासाठी मान्यता असलेलं बुरशीनाशक लेबलावरच्या मात्रेत, पानांच्या खालच्या बाजूलाही पोहोचेल असं फवारा, आणि सलग तेच तेच न मारता वेगळ्या गटाचं आलटून पालटून. डाग पडलेलं पान परत हिरवं होत नाही, फवारणी नवीन पानं वाचवायला असते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी डाग गेले नाहीत म्हणून डोस वाढवू नका.

पांढरी पावडर पडल्यासारखं दिसत असेल तर ती भुरी, तिला पान ओलं लागतच नाही, कोरडे दिवस आणि दमट रात्री पुरतात. गंधक चालतं पण तापमान तीसच्या वर असताना मारू नका, पानं करपतात, आणि निंबोळी तेल फवारलं असेल तर मध्ये दोन आठवडे तरी जाऊ द्या.

पिवळ्या आणि पांढऱ्या फुलांवर फुलकिडे जास्त येतात, फिका रंग त्यांना खेचतो. कळी अर्धवट उघडून अडकली, पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या तर फूल पांढऱ्या कागदावर झटका, बारीक लांबट किडे पळताना दिसतील. अशी फुलं आणि कळ्या काढून पिशवीत बंद करून टाका. उमललेल्या फुलांवर कीटकनाशक मारू नका, मधमाश्या त्याच फुलांवर असतात.

खताचं. फुलं येत नाहीत म्हणून युरिया टाकणारे खूप आहेत आणि त्याने नेमकं उलटं होतं, लांब कोवळ्या काड्या, मोठी मऊ पानं, त्यावर मावा, आणि फूल नाही. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन पाट्या, मूठभर निंबोळी पेंड, वर्षातून दोनदा, आणि प्रत्येक बहर संपल्यावर पालाश असलेलं मिश्र खत थोडंसं, ओल्या मातीत. एवढं पुरे. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर माती चुनखडीची असायची शक्यता आहे, लोह झाडाला मिळत नाही, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, द्या. जुनी खालची पानं शिरांच्या मधून पिवळी होत असतील तर मॅग्नेशियम कमी आहे. नुसतं पिवळं पान बघून खत ओतू नका, कुठलं पान पिवळं झालंय ते आधी बघा. पाणी आठवड्यातून एकदा-दोनदा पण भरपूर, माती फूटभर खोल ओली होईल असं, रोज तांब्याभर नको. भिंतीलगतची माती बहुतेक वेळा कोरडीच राहते कारण भिंत पाऊस अडवते, नवीन झाड लावताना म्हणूनच भिंतीपासून दीड फूट तरी लांब लावतात आणि काड्या भिंतीकडे कलत्या करतात.

एक गोष्ट ह्याच आठवड्यात तपासा. कलम जिथे भरलंय त्या गाठीच्या खालून किंवा जमिनीतून काही फुटवा निघालाय का. खुंटाचा, म्हणजे ज्या जंगली गुलाबावर कलम भरलेलं असतं त्याचा, फुटवा फार जोमदार असतो आणि लक्ष दिलं नाही तर वरचं पिवळं कलम मागे पडत जाऊन मरतं, मग लोक विचारतात की पिवळ्या गुलाबाला अचानक लाल फुलं कशी आली. एका देठाला सात पानं म्हणजे जंगली आणि पाच म्हणजे कलमी असं जे सांगतात त्यावर जाऊ नका, कित्येक चांगल्या क्लायंबरना सात पानं असतात. माती बाजूला करून फुटवा कुठून निघालाय तो प्रत्यक्ष बघा. गाठीखालून असेल तर कापू नका, पकडून खाली ओढून मुळापासून उपटा, कापला तर तिथल्याच डोळ्यांतून चार निघतात.

बांधून झाल्यावर तीन-चार आठवड्यांत आडव्या काड्यांवरचे डोळे लाल होऊन फुगायला लागतील, हवा गार असेल तर थोडा उशीर. त्यातले काही डोळे काडीच्या खालच्या बाजूने, भिंतीकडे फुटतील, ते बोटाने खुडून टाका, वरच्या बाजूचे ठेवा. पहिला बहर संपला की सुकलेला घोस त्याच्या खालच्या पहिल्या चांगल्या, पूर्ण वाढलेल्या पानाच्या वर कापा, फार खाली जाऊ नका. त्या पानाच्या डोळ्यातून साधारण सहा-सात आठवड्यांत परत कळ्या येतील. मधल्या काळात बुडातून नवीन जाड फुटवा निघाला तर त्याच्या शेंड्याला कात्री लावू नका, नुसता काठीला टेकवून ठेवा, पुढच्या बांधणीला तीच तुमची सगळ्यात खालची आडवी काडी असेल.